वर्ख किती वेळ उघडा राहतो : स्थितिक विद्युतच्या प्रयोगसंचाविषयी

गेले आठ महिने हा संच आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. मी विज्ञान शिकवते, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडेच असते, त्यामुळे यातली एकूण एक वस्तू माझ्या हाताखालून गेली आहे. कोरड्या दिवसांत वापरली, भिंतींना ओल सुटते अशा दिवसांतही वापरली. अशा रचनेचे संच बरेच उत्पादक तयार करतात आणि आतल्या वस्तू थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. म्हणून उत्पादकाच्या नावात न शिरता कोणती वस्तू कशी निघाली आणि घेताना काय तपासावं, ते सांगते.

पेटीत काच, इबोनाइट (गंधक घालून कडक केलेलं रबर), ॲक्रिलिक, पीव्हीसी आणि पितळ अशा पाच कांड्या आहेत. पितळी कांडीला प्लॅस्टिकची मूठ आहे. घासायला रेशीम, लोकर आणि पॉलिथिनचे तुकडे. वर्खाचा विद्युतदर्शी (म्हणजे प्रभार आहे की नाही ते दाखवणारं उपकरण), इलेक्ट्रोफोरस (एकदा घासून पुन्हा पुन्हा प्रभार देणारी गादी आणि चकती), उभ्या दांड्यांवर बसवलेले धातूचे दोन पोकळ गोळे, एक छोटा लीडन जार (प्रभार साठवून ठेवणारी बरणी), निऑनचा चिमुकला दिवा, निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्यांचं एक पाकीट आणि माहितीपुस्तिका.

आधीचा संच फार जुना होता. त्यावर प्रयोग करायचा म्हणजे सगळा भरवसा नशिबावर. कांडी घासायची, विद्युतदर्शीजवळ न्यायची, वर्ख जरासा हलायचा आणि पुन्हा मिटायचा. मग आम्ही शिक्षक ठरलेलं वाक्य म्हणायचो, "आज हवा दमट आहे." मीही अनेक वर्षं तेच म्हटलं आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. या संचावर काम करताना कळलं, की दोष बहुतेक वेळा हवेचा नव्हताच. प्रभार ज्याच्या भरवशावर अडवून धरायचा तो रोधकच गळका होता. त्याच्या पृष्ठभागावर बोटांचा घाम होता, धूळ होती, साबणाचा अंश होता. म्हणून माझ्या मते असा संच ठिणगी केवढी पडते यावर जोखू नये. प्रभार किती वेळ टिकतो यावर जोखावा.

त्या दृष्टीने पेटीतली सर्वांत चांगली वस्तू आहे विद्युतदर्शी. रचना जुनीच आहे. अब्राहम बेनेट या इंग्रज धर्मोपदेशकाने १७८७ मध्ये सोन्याच्या वर्खाचा विद्युतदर्शी मांडला, त्याच धाटणीची. वर पितळी चकती, तिच्यापासून खाली उतरणारी दांडी, दांडीच्या टोकाला पितळी पट्टी आणि पट्टीला चिकटवलेला ॲल्युमिनियमचा वर्ख. चकतीला प्रभार दिला की पट्टी आणि वर्ख दोन्ही सारख्याच प्रभाराचे होतात, एकमेकांना दूर लोटतात आणि वर्ख उघडतो. भोवतीची पेटी धातूची आहे, समोर काच आहे आणि पेटी जमिनीला जोडायला मागे एक स्क्रू दिला आहे. तो स्क्रू जरूर वापरा. पेटी नुसतीच ठेवली तर टेबलावरच्या किंवा आसपासच्या प्रभाराने वर्ख उगाच थरथरतो.

खरी करामत मात्र दांडी पेटीत शिरते त्या जागी आहे. तिथे टेफ्लॉनचं पांढरं बूच बसवलंय. आमच्या जुन्या विद्युतदर्शीत त्या जागी रबराचं बूच होतं, आणि प्रभार दिल्यावर वर्ख दोन मिनिटांच्या आत खाली यायचा. नव्याला पहिल्याच दिवशी पीव्हीसीच्या कांडीने प्रभार दिला आणि घड्याळ लावून बसले. चाळीस मिनिटांनी तास संपला तेव्हा वर्ख उघडाच होता. थोडा झुकला होता, पण मागच्या बाकावरून दिसेल इतका उघडा. दमट दिवशी हाच वेळ पंधरा-वीस मिनिटांवर येतो. तेवढा तासाला पुरेसा आहे.

टेफ्लॉनचा हा गुण समजून घेण्यासारखा आहे. दमट हवा स्वतः काही फारशी वीज वाहून नेत नाही. पण तिच्यातलं बाष्प रोधकाच्या पृष्ठभागावर बसतं, आणि पृष्ठभागाला पाणी आवडत असेल तर त्याचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा, सलग थर तयार होतो. त्या थरात घामातले क्षार विरघळले की प्रभाराला पळून जायला आयती वाट मिळते. काचेला पाणी आवडतं, तिच्यावर ते पसरतं. टेफ्लॉनवर पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन सुटं राहतं, आणि सुट्या थेंबांची वाट होत नाही. पुस्तिकेत मात्र "दमट हवेतून प्रभार निघून जातो" एवढंच म्हटलंय. त्यावर विसंबलं तर दमट दिवशी माणूस प्रयोगच सोडून देतो. खरं कारण कळलं तर तो बूच पुसतो, हेअर ड्रायरने दोन मिनिटं कोमट हवा देतो आणि प्रयोग करतो.

पट्ट्यांचं पाकीट बघून मला आधी वाटलं, हे उगाच पेटी भरायला घातलंय. आता त्याच पाकिटावर माझा एक अख्खा तास जातो. तांब्याची तार, पेन्सिलीतल्या शिशाची कांडी, लाकडी पट्टी, कागद, सुती दोरा, रेशमी दोरा, काच, ॲक्रिलिक, टेफ्लॉन आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ज्या गुलाबी पिशवीत येतात तिचा एक तुकडा. विद्युतदर्शीला प्रभार द्यायचा, पट्टीचं एक टोक हातात धरायचं आणि दुसरं वरच्या चकतीला टेकवायचं. वर्ख किती वेळात मिटतो तेवढं बघायचं.

तांबं टेकवताक्षणी वर्ख कोसळतो. पेन्सिलीच्या शिशानेही तसाच. लाकडी पट्टीला तीन-चार सेकंद लागतात आणि ते बघण्यासारखं असतं, कारण वर्ख कुणीतरी दोरी सैल सोडत असल्यासारखा सावकाश उतरतो. कागदाने सेकंदभरात उतरतो, पण तोच कागद ड्रायरने चांगला वाळवून टेकवला तर दहा सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे प्रभार वाहून नेत होतं ते कागदातलं पाणी. सुती दोरा आणि रेशमी दोरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. सुती दोऱ्याने वर्ख उतरतो, कोरड्या रेशमाने हलतसुद्धा नाही. काचेचं वागणं दिवसागणिक बदलतं. ॲक्रिलिक आणि टेफ्लॉन टेकवून कितीही वेळ उभे राहा, वर्ख आपल्या जागी.

पाठ्यपुस्तकात सुवाहक आणि दुर्वाहक असे दोनच रकाने असतात. ही पट्ट्यांची रांग बघितल्यावर मुलांच्या लक्षात येतं, की मध्ये भली मोठी उतरंड आहे. तांब्याची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याचा गुण, आणि साध्या काचेची रोधकता यांची तुलना केली, तर दुसरी पहिलीच्या निदान १ वर १७ शून्यं इतक्या पट निघते. पदार्थांच्या दुसऱ्या कुठल्याही गुणधर्मात एवढी तफावत क्वचितच सापडेल. वीजमापक घेऊन लाकडाचा रोध मोजायला गेलं तर साधं यंत्र हात टेकतं. इथे दोन बोटं रुंद वर्ख ते काम घड्याळाच्या काट्यावर करून दाखवतो.

याच तासाला एक गोष्ट घडली. एका मुलीने टेफ्लॉनची पट्टी टेकवली आणि म्हणाली, "बाई, वर्ख मिटला नाहीच, उलट अजून उघडला. प्रभार वाढला का?" मी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. पट्टी पाकिटातून ओढून काढताना प्लॅस्टिकवर घासली गेली होती आणि स्वतःच ऋण प्रभारित झाली होती. विद्युतदर्शीवरही ऋण प्रभारच होता. पट्टी जवळ येताच तिने चकतीवरचे इलेक्ट्रॉन खाली वर्खाकडे लोटले आणि वर्ख आणखी ताणला गेला. तिला म्हटलं, "पट्टी मेणबत्तीच्या ज्योतीपासून वीतभर उंचावरून एकदा फिरव आणि मग टेकव." ज्योतीतून धन आणि ऋण दोन्ही आयन, म्हणजे प्रभारित कण, वर येत असतात, पट्टीला हवे ते ती ओढून घेते आणि उदासीन होते. पुढच्या खेपेला वर्ख जागचा हलला नाही. रोधकावरचा प्रभार घालवायला त्याला हात लावून भागत नाही, कारण हात लागतो तेवढ्याच ठिपक्यावरचा प्रभार जातो, बाकीचा तिथेच अडकून राहतो. धातूच्या बाबतीत एका टोकाला बोट लावलं तरी सगळा जातो. हा फरक फळ्यावर लिहून जेवढा कळत नाही तेवढा त्या दिवशी वर्गाला कळला. पट्ट्यांचं पाकीट कागदी हवं होतं, एवढी सूचना मी उत्पादकाला कळवली आहे.

मला स्वतःला इथे स्टीफन ग्रे हा इंग्रज संशोधक नेहमी आठवतो. १७२९ मध्ये तो आणि त्याचा मित्र व्हीलर घासलेल्या काचनळीवरची वीज लांबच लांब सुतळीतून दूर न्यायचा प्रयत्न करत होते. सुतळी त्यांनी रेशमाच्या दोऱ्यांवर टांगली होती आणि पलीकडच्या टोकाला हस्तिदंती गोळा. गोळा हलक्या वस्तू ओढून घ्यायचा, म्हणजे वीज पोचत होती. मग वजनाने रेशीम तुटलं, म्हणून मजबुतीसाठी त्यांनी पितळेची तार लावली, आणि सगळं बंद पडलं. तोवर त्यांना वाटत होतं की रेशमाचा दोरा बारीक आहे म्हणून वीज त्यातून निसटत नाही. पितळेची तारही बारीकच होती. मग उलगडलं, की जाडीचा प्रश्नच नाही, पदार्थाचा आहे. वाहक आणि रोधक हा भेद तिथून सुरू झाला, आणि तोही आधार बदलल्यामुळे. माझ्याकडचं टेफ्लॉनचं बूच ग्रेच्या रेशमी दोऱ्याचंच काम करतंय.

गुलाबी पिशवीच्या तुकड्याबद्दलही दोन शब्द. तिने वर्ख एक-दीड सेकंदात, धक्का न देता उतरतो. तांब्यासारखा धाडकन नाही आणि टेफ्लॉनसारखा अडूनही राहत नाही. सुट्या भागांना नेमकं तेच हवं असतं. माणसाला साधारण ३ हजार व्होल्टच्या खालचा झटका जाणवतही नाही, पण नाजूक चिप १०० व्होल्टच्या आतही निकामी होऊ शकते. प्रभार साचू द्यायचा नाही आणि एकदम सोडायचाही नाही, असं मधलं काम ती पिशवी करते. हा तुकडा पाकिटात घालायचं ज्याला सुचलं त्याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

आता कांड्या. काचेची कांडी निराशा करते. रेशमाने घासलेली काच धन प्रभारित होते, हे सगळ्यांनी शिकलेलं आहे, पण ही कांडी पेटीतून काढून घासली तर काहीच होत नाही. धुवायची, साध्या पाण्याने भरपूर खळबळायची, ड्रायरने तापवायची, मग कुठे ती थोडा वेळ नीट वागते. काचेचा स्वभाव पृष्ठभागावर फार अवलंबून असतो. खरखरीत केलेली काच घासणाऱ्या वस्तूप्रमाणे धनही होते आणि ऋणही, हे अठराव्या शतकातच जॉन कँटन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं होतं. धन प्रभारासाठी माझी शिफारस ॲक्रिलिकच्या कांडीची आहे. कोरड्या रेशमाने आठ-दहा वेळा एकाच दिशेने ओढली की ती विद्युतदर्शी वीतभर अंतरावरून उघडते. ऋणासाठी पीव्हीसी आणि लोकर. इबोनाइटही उत्तम काम देतं, मात्र ते उजेडात ठेवू नका. उजेडाने त्याच्यातलं गंधक पृष्ठभागावर बदलतं, कांडी तपकिरी पडते आणि मग गळू लागते. आमच्या जुन्या कांड्या खिडकीजवळच्या फडताळात वर्षानुवर्षं पडून होत्या.

पितळी कांडी हा या संचातला माझा सगळ्यात आवडता तुकडा. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० मध्ये पदार्थांची जी वाटणी केली, तिच्यात घासल्यावर हलक्या वस्तू ओढणारे एका बाजूला आणि न ओढणारे दुसऱ्या बाजूला होते. धातू दुसऱ्या गटात. आजही पुस्तिकेत छापलंय, "धातूंना घर्षणाने प्रभार येत नाही." आणि त्याच पेटीत ते विधान खोटं पाडणारी वस्तू आहे. पितळेला हाताने धरून लोकरीने घासलं तर काहीच होत नाही. प्लॅस्टिकच्या मुठीला धरून, पितळेला बोट न लावता घासलं आणि चकतीला टेकवलं, तर वर्ख उघडतो. धातूला प्रभार येतोच. हातात धरलेला असताना तो आपल्या अंगातून जमिनीत निघून जातो, इतकंच. मी वर्गात आधी हाताने धरून दाखवते, मुलांकडून "येत नाही" असं वदवून घेते आणि मग मूठ धरते. त्या क्षणी वर्गात जी शांतता होते तिच्यासाठी हा तास मी दरवर्षी घेईन.

घासण्याबद्दलही पुस्तिका अर्धवट सांगते. घर्षण म्हणजे उष्णता आणि उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात, असं तिचं म्हणणं. खरं तर दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून दूर झाले तरी प्रभाराची देवाणघेवाण होते. घासल्याने जास्त जागा जास्त वेळा टेकते, म्हणून परिणाम वाढतो. पेटीत नसलेला एक प्रयोग मी इथे जोडते. चिकटपट्टीचे दोन तुकडे एकावर एक चिकटवायचे, जोडी बोटांवरून ओढून उदासीन करायची आणि मग झटकन वेगळे करायचे. दोघे एकमेकांकडे झेपावतात. घासणं नाहीच, नुसतं सुटणं. एकाने गमावलं ते दुसऱ्याने कमावलं, हेही त्यातच दिसतं.

मुलं हमखास विचारतात, किती इलेक्ट्रॉन गेले? कांडीवर साधारण कूलोंबच्या दहा कोटीव्या भागाइतका प्रभार धरला, तर एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ × १०⁻¹⁹ कूलोंब या हिशेबाने ते सुमारे ६,२५० कोटी भरतात. ऐकायला प्रचंड. पण एक ग्रॅम तांब्यात अणूंची संख्या ९ वर २१ शून्यं इतकी असते. त्या मानाने कांडीवर गेलेले इलेक्ट्रॉन म्हणजे कणभरसुद्धा नाहीत, आणि तरी कागदाचे कपटे उड्या मारतात. विद्युतबल किती जबरदस्त असतं, याची यापेक्षा चांगली कल्पना मला देता आलेली नाही.

कपट्यांचं म्हणाल तर ते जवळून बघा, नाक लावून बघा. प्रभारित कांडी खाली आणली की कपटा आधी एका कडेवर उभा राहतो, मग उडी मारून चिकटतो, आणि दोन-तीन सेकंदांनी कुणी टिचकी मारावी तसा खाली फेकला जातो. कागद थोडासा वाहक आहे. चिकटल्यावर त्याच्यावर कांडीचाच प्रभार चढतो आणि मग कांडी त्याला ढकलून देते. थर्माकोलचा मणी मात्र चिकटला की चिकटूनच राहतो, कारण त्याच्यावर प्रभार सहज पसरत नाही. पदार्थ बदलला की तोच खेळ वेगळा होतो.

इलेक्ट्रोफोरसमध्ये मला दोष सापडला. खाली प्लॅस्टिकची गादी, वर मूठ असलेली ॲल्युमिनियमची चकती. गादी लोकरीने घासली की ऋण प्रभारित होते. चकती तिच्यावर ठेवायची, चकतीला क्षणभर बोट लावायचं, मग बोट काढून चकती उचलायची. बोटातून इलेक्ट्रॉन जमिनीकडे निघून गेलेले असतात, म्हणून चकती धन प्रभारित होऊन वर येते. गादीवरचा प्रभार मात्र जिथल्या तिथे राहतो. गादी रोधक असल्याने आणि चकती तिला मोजक्याच ठिकाणी खरी टेकत असल्याने तो चकतीत शिरत नाही. म्हणून एकदा घासून पुन्हा पुन्हा प्रभार काढता येतो. फुकट काही मिळत नाही. दर वेळी चकती गादीच्या ओढीविरुद्ध वर उचलताना आपला हात काम करतो, तीच ऊर्जा ठिणगीत दिसते. योहान विल्के या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६२ मध्ये ही युक्ती शोधली, इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १७७५ मध्ये ती सुधारून सगळीकडे पोचवली.

आमच्या संचात ठिणगी जेमतेम मिलिमीटरभर पडत होती. गादी बदलून पाहिली, लोकर बदलली, ड्रायर फिरवला, काही फरक नाही. शेवटी दिवे घालवून अंधारात चकती उचलली आणि कान देऊन ऐकलं, तर बारीक सुस्स असा आवाज येत होता. कडेवरून बोट फिरवल्यावर कारण हाताला लागलं. चकती कापताना राहिलेली धातूची एक बारीक कुसळ होती. टोकदार जागी प्रभार दाटतो, तिथली हवा आयनीभूत होते आणि प्रभार गुपचूप हवेत निघून जातो. बारीक कानस आणि त्यावर पॉलिश पेपर मारून कड गोल गुळगुळीत केली. त्यानंतर चार-पाच मिलिमीटरची ठिणगी पडू लागली. हवेत ठिणगी पडायला मिलिमीटरला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात, म्हणजे चकती १२ हजार व्होल्टच्या वर जाते. आकडा ऐकून पालक घाबरतात, पण त्या ठिणगीतली ऊर्जा एका ज्यूलच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. बोटाला टाचणी टोचल्यासारखं वाटतं, बस. तरी कड घासून द्यायचं काम कारखान्यात व्हायला हवं होतं. सगळ्या शाळांत कानस चालवणारं कुणी असेलच असं नाही.

निऑनचा दिवा याच चकतीसाठी आहे. दिव्याचं एक पाऊल बोटात धरून दुसरं चकतीला टेकवलं की क्षणभर नारिंगी चमक दिसते, आणि ती दिव्यातल्या दोन तारांपैकी एकाच तारेभोवती असते. ज्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, म्हणजे ऋण बाजूची, तीच उजळते. चकती धन असेल तर बोटाकडची तार चमकेल, ऋण असेल तर चकतीकडची. नखाएवढ्या दिव्याने प्रभाराचं चिन्ह कळतं. खोली अंधारी करा, नाहीतर दिसत नाही.

दोन गोळ्यांनी मला सर्वांत जास्त सतावलं. प्रवर्तनाचा, म्हणजे कांडी न टेकवता नुसती जवळ आणून प्रभार वेगळे करण्याचा, साधा प्रयोग. गोळे एकमेकांना टेकवून ठेवायचे, ऋण कांडी एकाच्या जवळ आणायची, कांडी तशीच धरून गोळे दूर करायचे. जवळचा धन होतो, लांबचा ऋण. आमचा एक गोळा बरोबर वागायचा, दुसऱ्याचा प्रभार अर्ध्या मिनिटात गायब. मी उत्पादकाला तक्रार लिहिली. उत्तर आलं, "हवेतील आर्द्रता तपासा." ते वाचून मन खट्टू झालं, कारण त्याच हवेत शेजारचा गोळा मिनिटामागून मिनिटं प्रभार धरून होता. दोन्ही उभ्या दांड्या शेजारी ठेवून निरखल्या. दोन्ही ॲक्रिलिकच्या, सारख्याच. फक्त गळक्या दांडीवर वरपासून खालपर्यंत कागदी लेबल चिकटवलेलं होतं, त्यावर वस्तूचा क्रमांक. कागद! पट्ट्यांच्या तासाला सेकंदभरात वर्ख उतरवणारा तोच कागद, गोळ्यापासून बैठकीपर्यंत सरळ उभा. कोमट पाण्यात भिजवून लेबल काढलं, सौम्य साबणाने गोंद धुतला, खळबळून वाळवलं. गोळा सुधारला. ॲक्रिलिकला स्पिरिट लावू नका, त्याने बारीक तडे जातात आणि तड्यांत पुन्हा ओल धरते. उत्पादकाला हे सगळं छायाचित्रासह पाठवलं आहे. उत्तराची वाट बघते आहे.

लीडन जार ठीकठाक आहे. मी तो मुलांच्या हाती देत नाही. चकतीच्या ठिणगीपेक्षा त्याचा झटका कितीतरी पट जोरदार असतो, आणि दोन टोकं चिमट्याने जोडून रिकामा केल्यावरही मिनिटभराने पुन्हा छोटी ठिणगी देतो. आतल्या रोधक पदार्थात जे प्रभार हळूहळू सरकलेले असतात ते हळूहळूच परततात. म्हणून दोनदा रिकामा करायचा आणि टोकं तारेने जोडूनच कपाटात ठेवायचा. ही सूचना पुस्तिकेत कुठेही नाही. ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवी.

कापडांबद्दल एकच सांगते. रेशीम आणि लोकर घरी धुवायला नेऊ नका. कपडे मऊ करणारं द्रव लागलं तर तंतूंवर ओल धरणारा थर बसतो, आणि त्या कापडाने मग कितीही घासा, कांडी थंड. आमचा लोकरीचा तुकडा तसाच गेला.

एकंदरीत, संच घ्यावा असंच मी म्हणेन, फक्त हातात आल्यावर अर्धा तास त्याच्यावर खर्च करावा. विद्युतदर्शीचं बूच कशाचं आहे ते आधी विचारून घ्या. टेफ्लॉनचं नसेल तर दुसरा संच बघा. दांड्यांवरची लेबलं काढा, चकतीची कड बोटाने तपासा, कांड्यांना टोकाशीच धरायची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावा. पुस्तिका बाजूला ठेवली तरी चालेल. आमच्या शाळेने दुसरा संच मागवायचं ठरवलं आहे. त्या मागणीपत्रात मी काचेच्या कांडीऐवजी आणखी एक ॲक्रिलिकची, लोकरीचा जादा तुकडा आणि पट्ट्यांसाठी कागदी पाकीट असं लिहिलं आहे. खाली एक ओळ जोडली आहे, की गोळ्यांच्या दांड्यांवर काहीही चिकटवू नये, क्रमांक बैठकीच्या तळाला लिहावा.